डाव्या बाजूचं दूध

मंगळवार, ६ मे

एकतीस वर्षं बोटीची नोंदवही लिहिली. निवृत्त झाल्यावर चार वर्षांत एक ओळ खरडली नाही, कारण घरात नोंदवण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज घडलं.

सकाळी अकराला, कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीत पडलेल्या अशा उन्हात, जांदिरा झोपायच्या झुल्यात कुडकुडत होती. "बाबा, चादर द्या. ती दुसरी पण द्या." हात लावला तर अंग तव्यासारखं. ताप एकोणचाळीस पूर्णांक तीन सेल्सिअस. नाझारे तिच्या कुशीत हातपाय झाडत होती. पोर आज एकोणीस दिवसांची. जावई जोसिमार धान्याच्या बार्जवर स्वयंपाकी आहे. रविवारीच नदीनं वर गेला, आता महिनाअखेरीला येईल. घरात पुरुष म्हणाल तर मी, बाई म्हणाल तरी मीच.

"कुठं दुखतंय?"

"डावीकडे."

"डावीकडे म्हणजे? खांदा? पाय?"

"बाबा!" असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मीही तोंड फिरवलं.

आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासायला घेतलं तसा मी बाहेर येऊन उभा राहिलो. बापानं थांबायची ती जागा नव्हे. बाई आत बराच वेळ काहीतरी समजावत होत्या, पण पंख्याच्या घरघरीत मला शब्द लागला नाही. संसर्ग आहे, दहा दिवसांच्या गोळ्या. जांदिराला विचारलं, "आणखी काय म्हणाल्या?" ती तापात. "थांबवू नका... का थांबवा... मला झोपू द्या हो."

घरी आलो तर शेजारच्या ओदेतबाई दारातच. विधवा आहेत, पाच मुलं वाढवलीत, त्यांना सगळ्यातलं कळतं. त्यांनी एकदा नाझारेकडे बघितलं आणि निकाल दिला. "पोरीनं पिता पिता छातीवर ढेकर दिलाय. तो आत शिरला की दूध नासतं. ते पाजलंत तर पोर हातची जाईल, कप्तान."

मी तडक दुकानात जाऊन पावडरीचा डबा आणि बाटली आणली. संकटात निर्णय पटकन घ्यावा लागतो.

बुधवार, ७ मे

ओदेतबाईंचे नियम: बिनखवल्यांचा मासा बंद, बदक बंद, डुक्कर बंद. डोक्यावरून पाणी घेणं बंद. शिवाय बारीक दातांची फणी दुखऱ्या जागेवरून सात वेळा वरून खाली फिरवायची. फणी त्यांनी स्वतःची आणली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. आतून जांदिराची किंकाळी ऐकू आली, पाठोपाठ फणी खिडकीतून बाहेर आली. कोंबडी थोडक्यात वाचली.

नाझारे बाटलीनं घटाघटा पिते. मी पाजली. मला हे जमतं हे सदुसष्टाव्या वर्षी कळलं. जांदिरा आमच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आनंदानं असावं.

शुक्रवार, ९ मे

ताप पूर्ण उतरला. निर्णय बरोबर ठरला, असं मी सकाळी लिहिणार होतो. बरं झालं लिहिलं नाही.

नऊला जांदिरानं पोरीला पुन्हा छातीशी धरलं. तिनं दोन घोट घेतले आणि असं रडणं काढलं की ओदेतबाई कुंपणापर्यंत आल्या. उजवीकडे थोडं होतं. डावी बाजू रिकामी. तीन दिवसांत पान्हा आटला.

"बाबा, माझं दूध गेलं."

मी म्हणालो, "अगं, मग डबा आहे ना!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे याआधी एकदाच कुणीतरी पाहिलं होतं. लिंदाल्वानं, माझ्या बायकोनं. जांदिरा चाळीस दिवसांची असताना मी फेरीवरून परतलो, तर घरात पावडरीचा डबा. लिंदाल्वाला मधे ताप येऊन गेला होता म्हणे. मी हसत म्हणालो होतो, "काय गं, एवढी धडधाकट बाई तू, आणि दूध नाही?" ती दोन दिवस बोलली नाही. बायकांना कशाचा राग येईल सांगता येत नाही.

आज ते का आठवलं कोण जाणे.

दुपारी तिनं स्वतःच पोरीला उचललं. "रुग्णालयातल्या दूधपेढीत चाललेय, आयांना पाजायला शिकवतात तिथं. यायचं तर या." गेलो. तिथल्या नर्सबाई क्लेओनीसी. बाई माझ्या खांद्याएवढ्या, पण आवाज असा की दोन धक्क्यांपलीकडची बोट थांबेल.

"पाजणं बंद करायला कुणी सांगितलं?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

"आजोबा, तुम्हाला विचारतेय."

"दूध नासलं होतं म्हणून..."

"आईच्या अंगात दूध नासत नाही. ते काय फडताळात ठेवलंय? या आजारात पाजत राहायचं, दुखऱ्या बाजूला तर नक्कीच. ती बाजू मोकळी झाली तर सूज उतरते, तुंबून राहिली तर गळू होतं. गोळ्या बाळाला बाधत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं असणार."

"मी बाहेर होतो."

"का?"

मी पुन्हा कॅलेंडर वाचायला लागलो.

मग त्यांनी जांदिराला जवळ घेतलं आणि आवाज एकदम खाली आणला. "हे बघ गं, आजारानंतर ती बाजू थोडी मागे पडतेच. तुझी जास्त पडली, कारण तीन दिवस कुणी मागणीच केली नाही. दूध मागितलं की येतं. दिवसातून आठ-दहा वेळा मागायचं. पोरीनं नाही ओढलं तर हातानं काढायचं. आणि तू झोपायचं, जेवायचं, बाकी काही करायचं नाही." माझ्याकडे वळल्यावर आवाज पुन्हा वर. "बाकी सगळं हे करतील."

रविवार, ११ मे

आज मातृदिन. जांदिराला कोंबडीचा रस्सा आणि कसाव्याच्या पिठाची पेज केली. पहिली कोंबडी गेली. दूध वाढवायला याच्यासारखं काही नाही, हे माझी आई सांगायची.

हातानं दूध काढलं ते चहाचा चमचा भरेल एवढं. जांदिरा म्हणाली, "बाबा, अर्धा तास लागला याला." मी म्हणालो, "रश्शानं वाढेल." नंतर भांडी घासली, लंगोट धुतले, अंगण झाडलं. ती दोन तास गाढ झोपली.

ओदेतबाई मक्याची गोड खीर घेऊन आल्या, दालचिनी घालून. जांदिराला दालचिनी आवडत नाही, मला आवडते, तेव्हा मीच खाल्ली. सकाळी दहाला बाईंनी एवढं अत्तर कशाला लावलं होतं कळत नाही. नाझारे शिंकली.

सोमवार, १२ मे

हा दिवस नोंदवू नये असं वाटतं, पण नोंदवही म्हणजे नोंदवही.

क्लेओनीसीबाईंनी एक युक्ती सांगितली. पोरीला बाटलीची सवय लागलीय, आयतं मिळतं म्हणून ती छाती ओढत नाही. तर बाटली बंद. एक बारीक नळी घ्यायची, तिचं एक टोक दुधाच्या पेल्यात सोडायचं, दुसरं आईच्या अंगावर चिकटपट्टीनं लावायचं. पोर अंगावर ओढते, तिला नळीतून दूध मिळतं, आणि तिच्या ओढण्यानं आईचंही सुरू होतं. नळी औषधाच्या दुकानात मिळते. नंबर चार.

दुकानात सोमवारची रांग. माझी पाळी आली तेव्हा मी वाकून हळूच म्हणालो, "नळी हवी. बारीक."

दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोही हळू आवाजात म्हणाला, "लाजू नका काका. या वयात होतंच. पिशवीसकट देऊ का?"

"पिशवी कशाला?"

"लघवी साठायला."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. वळून पाहिलं तर बेलारमीनो. नदीवरच्या सगळ्या कप्तानांत नेमका हाच. तीस वर्षं आमची एकाच मार्गावर बोट. पोचण्याच्या शर्यतीवरून आम्ही दोनदा हातघाईवर आलो होतो. "काय रे एवारिस्तो, इंजिन गळायला लागलं का?"

मग माझा तोल गेला. "माझ्या लघवीला काही झालेलं नाही!" मी ओरडलो. "नळी माझ्या मुलीच्या स्तनाला लावायची आहे! डाव्या! तिचं दूध आटलंय, आणि ते माझ्यामुळे आटलंय! नंबर चार!"

रांगेतल्या एका म्हातारीनं छातीवर क्रूस काढला. दुकानदारानं नळ्या समोर ठेवल्या.

मंगळवार, १३ मे

नळीला तीन हात लागतात. दोन आईचे, तिसरा पेला धरणाऱ्याचा. मी म्हणालो, "ओदेतबाईंना बोलावतो." जांदिरा म्हणाली, "त्या आल्या तर मी नदीत उडी घेईन. तुम्हीच धरा."

मी भिंतीकडे तोंड करून, हात मागे करून पेला धरला. पेला वर गेला की दूध भसकन येतं आणि पोर ठसकते. खाली गेला की येतच नाही आणि पोर किंचाळते. पहिल्या पाच मिनिटांत तिला दोनदा ठसका लागला, अर्धा पेला जांदिराच्या मांडीवर सांडला आणि चिकटपट्टी नाझारेच्या कपाळाला चिकटली.

"बाबा, वळा इकडे! आंधळ्याच्या हातून बोट कशी चालेल?"

वळलो. डोळे पोरीच्या गालावर ठेवले. ओढते कधी, गिळते कधी, दमते कधी, ते गालावर कळतं. त्याप्रमाणे पेला बोटभर वर, बोटभर खाली. वीस मिनिटं. पोर अंगावर पिता पिता झोपली. जांदिरा हलली नाही, मीही हललो नाही. हात बधिर झाला. त्यात लाजण्यासारखं काय होतं ते मला आठवेना.

गुरुवार, १५ मे

धक्क्यावर रॉकेल आणायला गेलो. बेलारमीनोनं सगळ्यांना सांगून ठेवलंय. "या दाईबाई!" म्हणाला. हमालही हसले. मी म्हणालो, "तुझ्या बोटीपेक्षा माझी नात वेळेवर चालते." पण घरी येईपर्यंत कान गरम होते.

क्लेओनीसीबाईंचा नवा हुकूम: जांदिरा झोपते तेव्हा पोरीला उघड्या अंगानं आपल्या उघड्या छातीवर घ्यायचं, म्हणजे ती शांत राहते. सदरा काढून झुल्यात पडलो, नाझारे वर. पाच मिनिटं छान झोपली. मग डोकं हलवत हलवत तिनं माझी छाती शोधली आणि जबड्यानं अशी धरली की डोळ्यांपुढे तारे चमकले. पोरीला ओढायचं बळ नाही असं कोण म्हणतं?

त्याच वेळी ओदेतबाई आत आल्या. हातात तळलेला मासा, खवल्यांचा. बघत उभ्या राहिल्या, मग दाराला धरून हसत खाली बसल्या. "कप्तान, आठवडाभरात तुम्हालाच पान्हा फुटणार!" निघताना मात्र म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं पाचांतलं एकही असं अंगावर घेतलं नाही हो." आणि उगीचच माझा सदरा घडी करून ठेवला.

नंतर जांदिरा म्हणाली, "बाबा, त्या माझ्यासाठी येतात असं वाटतं का तुम्हाला?"

"मग काय नाझारेसाठी?"

ती हसायला लागली ती थांबेचना. ताप येऊन गेल्यावर पहिल्यांदाच हसली, म्हणून मी कारण विचारलं नाही.

शनिवार, १७ मे

जोसिमारचा फोन लागला. लाटेगत येणारा जाणारा आवाज. जांदिरानं नळीचं सांगितलं. तो म्हणाला, "एवढा कुटाणा कशाला? डबा दे. माझ्या आईनं आम्हा सहा जणांना डब्यावरच वाढवलं." आवाज गेला. ती फोन हातात धरून बसली. दुपारी डाव्या बाजूचं काढलं तर पुन्हा चमचाभरच.

"सोडून देऊ का, बाबा? खरं सांगा."

काय सांगायचं? मी तिला लिंदाल्वाची गोष्ट सांगितली. चाळिसाव्या दिवशीची, मी हसलो होतो ती. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आईला पण हेच झालं असणार."

"काय?"

"ताप. मग बंद करायला लावलं असणार कुणीतरी. आणि तुम्ही नव्हता."

मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेलो. दाणे सकाळीच टाकले होते. कोंबड्यांची काही तक्रार नव्हती.

परत येऊन मी म्हणालो, "डबा देऊनही पोरं जगतात. तू जगलीस. दगडासारखी टणक आहेस. तुला सोडायचं तर सोड, तुला कुणी एक शब्द बोललं तर गाठ माझ्याशी आहे. पण धरायचं असेल तर पेला धरायला मी आहे."

थोड्या वेळानं आतून हाक आली. "पेला आणा."

मंगळवार, २० मे

तिसरी कोंबडी गेली. नवी काळजी. नाझारेची भूक मंदावली आहे. पूर्वी पेला संपवायची, आज पाव पेला तसाच उरला. जांदिराला सांगितलं नाही. उरलेलं गुपचूप मोरीत ओतलं. तिचं लक्ष नव्हतं, "डावीकडे झिणझिण्या येतायत" असं काहीतरी म्हणत होती. आता हा काय नवा आजार?

बुधवार, २१ मे

पेला अर्ध्याहून जास्त उरला. ओतला. नाझारे पिऊन झाल्यावर मुठी सोडून दारू प्यायल्यासारखी पडून राहते. अशक्तपणा असणार. लंगोट मात्र दिवसाला नऊ ओले. न पिता एवढं येतं कुठून?

गुरुवार, २२ मे

पेल्याला तिनं जवळजवळ हातच लावला नाही. जांदिराच्या सदऱ्याला डावीकडे मोठा ओला डाग. आधी वाटलं मीच पेला सांडला. माझा हातही आता जायला लागला की काय! उद्या वजन आहे. देवा, काय ऐकावं लागणार.

शुक्रवार, २३ मे

दूधपेढीत जाताना वाटेत मी सगळं कबूल केलं. तीन दिवस पोर उपाशी आहे, मी लपवलं, दूध मोरीत ओतलं. जांदिरा रस्त्यातच थांबली. "बाबा, मला वाटलं तुम्ही पेल्यात घालताच कमी!"

क्लेओनीसीबाईंनी पोरीला काट्यावर ठेवलं. आकडा पाहिला, पोरीला उचलून पुन्हा ठेवलं. आठ दिवसांत दोनशे साठ ग्रॅम वर.

"पण ती पीत नाही हो," मी म्हणालो. "पेला उरतोय!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, जांदिराच्या सदऱ्याकडे बघितलं आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की बाकावरच्या दोन बायका उठून बघायला आल्या. "अहो आजोबा, पेल्यात उरतंय कारण पोट आधीच भरतंय! ती आईचं पितेय! झिणझिण्या म्हणजे पान्हा उतरतोय!"

मला बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. मी रडलो नाही. तिथं पंख्याची हवा डोळ्यांत जाते.

"कशानं झालं असेल?" मी विचारलं.

"पोरीनं ओढलं म्हणून. आणि आईला झोप मिळाली, डोक्याला शांती मिळाली म्हणून. तिला एवढी झोप कुणामुळे मिळाली?"

मी विचार केला. रश्शाशिवाय दुसरं काही दिसत नाही. तिन्ही कोंबड्या चांगल्या जाड होत्या.

शनिवार, ३१ मे

नळी बंद होऊन पाच दिवस झाले. डावी बाजू अजून उजवीपेक्षा कमी भरते. क्लेओनीसीबाई म्हणतात, राहील तशीच थोडी, दोघी सख्ख्या असल्या तरी जुळ्या नसतात.

जोसिमार आला. बायकोला, पोरीला बघून दारातच हरखला. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली. पावडरीचा डबा, सगळ्यात मोठा. जांदिरा काही बोलायच्या आत मी त्याला अंगणात घेऊन गेलो आणि पाऊण तास सगळं समजावलं. मागणी, नळी, ढेकर, गळू, झिणझिण्या. बिचारा लाल होऊन पायांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "मामा, मी बाहेर जाऊन उभा राहू का?"

"बाहेरच आहेस," मी म्हणालो. "आता आत जा."

मंगळवार, १० जून

दुपारी कुंपणाशी बेलारमीनो. माझ्या घरी तो कधी आलेला नाही. मी खुर्ची दिली, कॉफी दिली. तो म्हणाला, यंदा पाणी फार चढलंय. मी म्हणालो, हो. तो म्हणाला, डिझेलमध्ये भेसळ वाढलीय. मी म्हणालो, ती होतीच. मग त्यानं टोपी काढली, आतून निरखली, परत घातली. ओदेतबाई माझ्यासाठी केळी तळून घेऊन आल्या, त्याला बघून त्यांनी ताटली माझ्या बाजूला सरकवली. तो माशांबद्दल बोलला, मग नव्या धक्क्याबद्दल, मग पुन्हा पाण्याबद्दल. अर्धा तास झाला.

"सुनेला बाळ झालंय ना तुझ्या?" मी विचारलं.

"हो. बारा दिवसांचं." पुन्हा टोपी काढली. "काल रात्रीपासून तिला ताप आहे. थंडी वाजतेय म्हणते. पोरगं रडतंय. माझी बायको म्हणते, बंद करा. मी म्हटलं... म्हणजे तू त्या दिवशी दुकानात... तू ते काय म्हणाला होतास..."

मी उठून चपला घातल्या.

"डावा की उजवा?"